गिरिधररावांचं नाक

लग्न झालं त्याच आठवड्यात गिरिधररावांनी बायकोला एक थाप मारली. लहानपणी टायफॉईड झाला, तेव्हापासून आपल्याला वासच येत नाही, म्हणाले. ताराबाई तेव्हा अंग घासघासून लाल करून घ्यायच्या, तरी अंगाचा सडक्या मासळीसारखा वास काही जात नसे. थाप ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री पहिल्यांदा त्या नवऱ्याला खेटून निजल्या.

थाप मारायला सोपी, निभवायला तीस वर्षं लागली. भाजी करपली तरी गिरिधरराव आपले पेपरात डोकं खुपसून. ताराबाई सक्करदऱ्याच्या शाळेत नोकरी करायच्या. तिथल्या बाया त्या आल्या की खिडक्या उघडायला लागल्या, तेव्हा बाईंनी रडत विचारलं होतं, "खरंच येते का हो वास?"

"मले काय विचारतं वं? माह्यं नाक कधीचंच कामातून गेलं."

बाईंनी नोकरी सोडली. लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरू लागल्या. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या मनात आलं नाही. लाज काय डॉक्टरला दाखवतात?

यंदा लेकीनं, सुरुचीनं, आईला ओढतच नेलं. आज रिपोर्ट घ्यायला गिरिधररावही सोबत आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, हा अस्वच्छपणा नाही. जन्मापासूनचा, जनुकांतला दोष आहे. खाण्यातून तयार होणारं एक द्रव्य तुमच्या शरीराला मोडता येत नाही, ते घामातून, श्वासातून बाहेर पडतं. हा दोष जात नाही, पण पथ्यानं वास पुष्कळ कमी होतो."

ताराबाई हमसून हमसून रडल्या.

"आता सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय खाल्लं की वाढतो? ज्याचा त्याला कळत नाही. घरच्या माणसाला विचारावं लागतं."

"पोरगी सासरी राह्यते, अन् यांले विचारून काही फायदा नाही, मॅडम. यांले वासच येत नाही."

गिरिधरराव पेचात पडले. गप्प बसलं तर बायको अंदाजानं पथ्य करत राहणार. बोललं तर तीस वर्षांचं खोटं इथं, लेकीसमोर उघडं पडणार.

"अंडं खाल्लं का दुसऱ्या दिवशी येते," ते खाली बघत म्हणाले. "बरबटीच्या उसळीनं, सोयाबीनच्या वडीनं बी. पाळी होती तोवर त्या दिवसांत लय राहे. दुधानं नाही वाढत."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "इतकं बारीक माहीत होतं, तर आधी का नाही आणलंत?"

गिरिधरराव स्वतःलाच विचारत राहिले. आपण झाकली ती बायकोची लाज, की जपला तो आपला चांगुलपणा? तिची शाळेतली नोकरी सुटली तेव्हा खरं बोललो असतो तर? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

ऑटोत सुरुची ड्रायव्हरशेजारी बसली. मागे ताराबाई पार कडेला सरकल्या.

"कधीपासून येते तुमाले?"

"पहिल्यापासून."

ताराबाई म्हणाल्या, "साऱ्या दुनियेत एका तुमच्याजवळच मी निवांत बसत होती."

गिरिधरराव जवळ सरकले. "तारा, मले कधीच तुही किळस नाही आली वं."

"सरका तिकडे," त्या म्हणाल्या. रिपोर्टची पिशवी त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवली आणि पदर तोंडावर धरला. लोकांत बसलं की त्या असाच धरायच्या. नवऱ्यापुढे आज पहिल्यांदा धरला.