दोष क्लचचा नव्हता

मी एक जुनी पिकअप बोलतेय. खरं तर मी हे कुणालाच सांगायचं नव्हतं. माझ्या मालकांनी, निजामभाईंनी, मला तसं बजावलं होतं. गाडीला कोण असं बजावतं, असं तुम्हाला वाटेल. पण निजामभाई गाडीशी बोलतात. रोज सकाळी किल्ली फिरवताना ते म्हणतात, "चल गो बाय." त्यांच्या मुलीला, निदालाही, ते अशीच हाक मारतात. हाक ऐकून मी चालू झाले नाही, तर ते रागावत नाहीत. थोडं थांबतात आणि पुन्हा तेच म्हणतात.

आज मात्र मी सांगणार आहे, कारण आज दुपारनंतर मी या घरची राहणार नाही.

माझा जन्म खूप लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आम्ही सगळ्या सारख्याच पांढऱ्या होतो आणि एकीला दुसरीचं नाव माहीत नव्हतं. माझं आयुष्य सुरू झालं ते वैभववाडीजवळच्या एका गावात, महादूकाकांच्या अंगणात. सुगंधाकाकींनी माझ्या तोंडावर हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. ते फुटल्याचा आवाज माझ्या अजून लक्षात आहे.

महादूकाकांची आंब्या-काजूची बाग होती. हंगामात माझ्या हौद्यात गवत पसरून आंब्याच्या पेट्या भरायचे. तेव्हा मला माझाच वास आवडायचा. पण हंगाम संपला की मी मांगरात, बागेतल्या शेडमध्ये, उभी राहायची. कोंबड्या माझ्या हौद्यात अंडी घालायच्या आणि महादूकाका माझ्याकडे बघून उसासा टाकायचे.

"उभी गाडी पण खाता," ते सुगंधाकाकींना म्हणायचे. "विमो खाता, टायर खाता, बॅटरी खाता. म्हस खाता तर दूध तरी देता."

म्हणून त्यांनी मला विकायचं ठरवलं, आणि मालवणहून निजामभाई मला बघायला आले. निजामभाई मासळीचे व्यापारी. त्यांनी माझा रंग पाहिला नाही की मीटर किती फिरलाय ते पाहिलं नाही. अंगावरचा शर्ट काढला, जमिनीवर उताणे झोपून माझ्या पोटाखाली गेले आणि बोटांनी ठोकून ठोकून माझं लोखंड ऐकत राहिले. बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती आणि तोंडावर हसू.

"मासेवाल्याची गाडी मासेवालो कधी घेणा नाय," ते म्हणाले. "हिका खारा पाणी लागलेला नाय. आंब्याची गाडी ती."

तेव्हापासून मी मालवणची झाले. सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. निजामभाई बोली जिंकले की बांगड्यांचे, पेडव्यांचे क्रेट बर्फ घालून माझ्या हौद्यात चढायचे. मग आम्ही कणकवलीच्या बाजारात जायचो, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पार वैभववाडीपर्यंत. वाटेत बर्फ वितळायचा. ते खारट पाणी फाळक्याच्या फटीतून रस्त्यावर आणि माझ्या हाडांवर ठिबकत राहायचं. मीठ लोखंडाला कसं खातं, ते मला तेव्हा कळलं. दुखत नाही. फक्त एक दिवस तिथे काही उरलेलं नसतं.

निजामभाईंना ते माहीत होतं. घरी आल्यावर ते आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने मला खालून-वरून धुवायचे आणि मगच जेवायला जायचे. मुनिराभाभी दारात उभ्या राहून विचारायच्या, "सवतीची आंगोळ झाली काय? झाली असात तर आता घरात येवा."

निदा तेव्हा लहान होती. आता ती नववीत आहे. ती फार कमी बोलते. घरात पाहुणे आले की ती पुस्तक घेऊन माझ्या केबिनमध्ये येऊन बसते. मी तिला काही विचारत नाही म्हणून बहुतेक तिला मी आवडते. तिचा मोठा भाऊ जुबेर मात्र बोलका आणि हिशेबी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातच त्याला पुण्यातली नोकरी ठरली, परीक्षा झाल्यावर रुजू व्हायची, तेव्हा निजामभाईंनी माझ्या आरशाला झेंडूची माळ बांधली होती.

त्याच सुमाराला माझा क्लच पहिल्यांदा जळला.

सिद्धेश मेस्त्रीने प्लेट बदलली. काही महिने गेले आणि पुन्हा जळली. सिद्धेशने हात पुसत विचारलं, "भाई, पाय क्लचार ठेवन चालवतास काय?"

"माका शिकवतस? तू रांगत होतस तेव्हापासून गाडी चालवतंय मी," निजामभाई हसले. "गाडी जुनी झाली रे."

जुनी तर मी होतेच.

मग एक दिवस कसालच्या पुढे पुन्हा तो जळका वास यायला लागला. निजामभाईंनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि खाली वाकून पाहिलं. त्यांचा डावा पाय क्लचवर होता. त्यांना वाटत होतं तो खाली मॅटवर आहे.

त्यांनी पाय हाताने उचलून बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. तळव्याला चिमटा काढला. मग जोरात काढला. त्यांना शुगर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मुनिराभाभी चहात साखर घालत नव्हत्या. पण शुगरने पायाची जाण नेली आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि मला.

बराच वेळ त्यांनी इंजिन चालू केलं नाही. मागे बर्फ वितळत होता. उभ्या गाडीत तो ते कधी वितळू देत नसत.

"जुबेराक कळला तर तो पुण्याक जावचो नाय," ते शेवटी म्हणाले. "हंयच ऱ्हवात आणि माझ्यासारखो बांगड्याचो वास घेवन फिरात." मग त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला. "तुका कळला ता तुझ्यातच ठेव, बाय. घरात कोणाक सांगू नको."

तिसऱ्यांदा क्लच गेला तेव्हा जुबेरने नवीन गाडीचा विषय काढला. त्या संध्याकाळी महादूकाकाही कोकमं घेऊन आले होते. आता त्यांच्याकडे सीएनजी गाडी होती, आणि हंगाम संपला की ते ती भाड्याने द्यायचे, म्हणजे ती उभी राहून खात नव्हती. जुबेरने मोबाईल माझ्या बॉनेटवर ठेवला आणि सगळे माझ्याभोवती उभे राहून मला विकायचा विचार करू लागले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बॉनेट सोयीचं असतं.

"काका, तुमची नवी सीएनजी ॲव्हरेज किती देता?" जुबेरने विचारलं.

"देता बरी. वाऱ्यावर चालता म्हणानास," महादूकाका म्हणाले. "पण पंपार लाईन बग. परवा माझो नंबर येयसर अर्धे आंबे पेटयेतच पिकले."

मुनिराभाभी दारातून म्हणाल्या, "तुमचे आंबे पिकान गोड होतत. आमचे बांगडे लाईनीत पिकले तर मांजर पण बगूचा नाय."

मग इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट निघाली. जुबेर म्हणाला, तिचा रोजचा खर्च सगळ्यात कमी, अगदी कोल्हापूरपर्यंत मासळी नेली तरी. निजामभाई म्हणाले, "आणि भरलेल्या गाडयेन करूळ घाटात मान टाकल्यान तर? क्रेट काय मी डोक्यार घेवन कोल्हापूराक जाव?"

जुबेर हसला. मग त्याने बोट सरकवून हिशेब दाखवला. नवीन डिझेल गाडी. एका लिटरला माझ्यापेक्षा जास्त चालणार, क्लचचा खर्च नाही, पासिंगची कटकट नाही. त्याच्या पगारातून हप्ता जाईल. फक्त गाडी परवडायची तर कणकवलीवर भागणार नव्हतं. आठवड्यातून तीनदा मासळी घाट चढवून कोल्हापूरला न्यावी लागणार होती. त्याने विमा धरला होता, टायर धरले होते, टोल धरला होता. वाटेत वितळणारा बर्फसुद्धा धरला होता. मासळीवाल्याचा मुलगा तो, बर्फ कसा विसरेल?

"आणि ड्रायव्हराचो पगार खंय धरलंस?" महादूकाकांनी विचारलं.

"ड्रायव्हर घरचोच आसा, काका."

"घरचो म्हणजे फुकटचो, व्हय रे?" मुनिराभाभी म्हणाल्या, आणि सगळे हसले.

निजामभाईही हसले. पण त्यांचा हात माझ्या बॉनेटवर होता आणि तो हसत नव्हता.

जुबेर वाईट मुलगा नाही. उलट तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अब्बा, ही आता दमली. हिच्यासोबत तुमी पण दमतास. मी पुण्यात असताना तुमी हिका घेवन वाटेत बंद पडलास तर माका झोप येवची नाय." त्याला वडिलांचीच काळजी होती. क्लच जळण्याचं खापर माझ्या वयावर फुटलं, ते मी फुटू दिलं. निजामभाईंचं गुपित राखायचं तर मला तेवढं करता येत होतं.

नवीन गाडी ठरली. तिचे पहिले पैसे भरले. त्यानंतरची ही गोष्ट.

शनिवारी निदाची शाळा लवकर सुटते. ती माझ्यात येऊन बसली आणि पुस्तक उघडायच्या आधीच तिची नजर खाली गेली. क्लचच्या पेडलवर ओलं, तांबडं काहीतरी होतं. माशाचं रक्त पेडलवर कसं येईल, असा विचार तिने केला असावा. तिने मान वर केली. निजामभाई विहिरीकडून बादली घेऊन येत होते. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायात नव्हती. किनाऱ्यावर कुठेतरी ती वाळूत राहिली होती आणि ते तसेच गाडी चालवत घरी आले होते. डाव्या तळव्यात माशाचा जाड काटा रुतला होता, आणि प्रत्येक पावलाला तो आणखी आत जात होता.

"अब्बा, काटो," निदा म्हणाली.

"खंय?" ते थांबले आणि त्यांनी उजवा पाय उचलून पाहिला.

निदा माझ्यातून उतरली. खाली बसली, त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि दोन बोटांनी काटा ओढून काढला. एरवी अशा काट्याने मोठी माणसं ओरडतात. निजामभाई बादलीतलं पाणी सांडू नये म्हणून ती धरून उभे होते. निदा पायाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"दुखला नाय?"

"दुखला असता तर बरा होता, गो."

मग त्यांनी तिलाही तेच सांगितलं. भाऊ पुण्याला जाऊ दे. तिथे रुळू दे. मग मी डॉक्टरला दाखवतो. "तोपर्यंत तोंडान कोणाक सांगू नको, बाय. तुका माझी कसम आसा."

तिने मान हलवली. निदा शब्द मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवीन डाव्या चपलेला मागून एक पट्टा शिवलेला होता, पाय बाहेर निसटू नये असा. मुनिराभाभींनी विचारलं तेव्हा निदा म्हणाली, "फॅशन." त्यानंतर ती रोज माझ्यात येऊन बसायची, पण पान उलटायची नाही. आता ते गुपित आम्हा दोघींचं झालं होतं, आणि दोघींनाही तोंड उघडायची बंदी होती.

परवा कणकवलीहून जुन्या गाड्या बघणारा माणूस आला. त्याने माझ्या हौद्यात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "हिचा वास जाणार नाही. पत्राही गेलाय. भंगाराच्याच भावात धरावी लागेल," तो म्हणाला. निजामभाईंनी घासाघीस केली नाही. बोली लावण्यात ज्यांचा हात कुणी धरत नाही, त्या निजामभाईंनी तो म्हणेल तो भाव घेतला.

आज सकाळी त्यांनी मला पुन्हा धुतलं. हौद्यात मासळी नव्हती, तरी खालून-वरून, रोजच्यासारखं.

"आज कित्याक न्हाणवतास तिका?" मुनिराभाभींनी विचारलं. आज त्या सवत म्हणाल्या नाहीत.

"घरातसून जाताना कोणाक मळक्या अंगान धाडतत काय?"

आता मी अंगणात पाणी गाळत उभी आहे. थोड्याच वेळात आम्ही कणकवलीला जाऊ. मला तिथे ठेवून निजामभाई नवीन गाडी घेऊन परत येतील. जुबेर सोमवारी पुण्याला निघेल. बुधवारी कोल्हापूरची पहिली फेरी आहे. नवीन गाडीचा क्लच हलका असतो म्हणतात. इतका हलका, की पाय त्याच्यावर आहे की नाही हे ज्याला पाय आहे त्यालाही कळायला वेळ लागतो. आणि घाटात एका बाजूला डोंगर असतो, दुसऱ्या बाजूला काही नसतं.

मला भंगारात जायचं दुःख नाही. मिठाने खाल्लेली गाडी आणखी कुठे जाणार? मला दुःख एवढंच आहे, की माझ्यासोबत माझी चूकही भंगारात जाईल असं सगळे समजतात. क्लच जाळणारी गाडी गेली, आता काळजी नाही, असं जुबेर काल आईला सांगत होता.

तुम्ही कधी गाडी घ्यायला निघालात, तर डिझेल मोजा, टायर मोजा, बर्फसुद्धा मोजा. पण जो चालवणार आहे त्याच्याकडेही एकदा नीट बघा. घरचा असेल तर जास्त नीट बघा, कारण घरच्या माणसाकडे कुणी बघत नाही.

निजामभाई घरातून बाहेर आले. हातात किल्ली आहे. चपलेचा पट्टा त्यांनी लावलाय. निदा माझ्या केबिनमध्ये आधीच येऊन बसली आहे, मधल्या जागेवर, अगदी त्यांच्या डाव्या पायाशेजारी. तिची नजर त्या पायावर आहे. जुबेर फाटकापाशी उभा आहे. तो ऐकत असेल तर मला त्याला एवढंच सांगायचं आहे. जुबेर, हिशेब पुन्हा एकदा कर. क्लच मी जाळला नाही. सोमवारी बॅग उचलायच्या आधी अब्बांना ओट्यावर बसव, त्यांना डोळे मिटायला सांग, आणि त्यांच्या डाव्या तळव्याला हात लावून विचार की मी आता कुठे—

"चल गो बाय."