हिरवी तुळई

यशराजने चित्र माझ्या टेबलावर असं ठेवलं, जणू लग्नाची पत्रिकाच देतोय. त्याच्या वडिलांनी, मोहनरावांनी, पणदऱ्याला मंगल कार्यालय बांधलंय. लोखंडी खांब, लोखंडी तुळया, वर पत्रा. पहिलं लग्न घरचंच, यशराजच्या धाकट्या बहिणीचं, स्वरूपाचं. नवरी छतातून पाळण्यात बसून खाली उतरणार होती. हल्ली नवरीने पायांनी चालत येणं कमीपणाचं झालंय. पाळणा मधल्या तुळईला टांगायचा आणि तुळई तो पेलेल म्हणून मी, स्ट्रक्चरल इंजिनिअरने, सही द्यायची.

हिशेब यशराजने गणिताच्या सॉफ्टवेअरवर स्वतः केला होता. सॉफ्टवेअर सांगाड्याचे बारीक तुकडे पाडतं, प्रत्येकावरचा ताण काढतं आणि रंगवून दाखवतं. झेपेल तिथं हिरवा, झेपणार नाही तिथं लाल. तुळई जेमतेम पत्रा पेलण्याजोगी, तरी चित्र हिरवंगार. मला तिथंच शंका आली.

"पाळण्याचा लोड कुठं दिलाय?"

"इथं, मॅडम." त्याने कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"पाळणा तर मधोमध आहे."

"मधोमध दिला की तुळई लाल येत होती. आबांना लाल चालंना. मग जरा सरकवला."

जरा म्हणजे निम्मा हॉल. खांबावर ठेवलेला भार सरळ जमिनीत जातो, तुळईला त्याचा पत्ताही लागत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस हे बोलत होता आणि त्याला लाजही वाटत नव्हती. सॉफ्टवेअर बिचारं विचाराल तेवढंच सांगतं. मी सही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मोहनरावांना समजवायला गेले, तर दारावर त्याच हिरव्या चित्राचा फ्लेक्स. खाली मोठ्या अक्षरांत, 'संगणकाने तपासलेले कार्यालय'. आत पाळणाही टांगून झालेला.

"म्याडम, समदं हिरवं हाय की," मोहनराव म्हणाले. "आन पोरीचं वजन ते किती?"

स्वरूपा तिथंच उभी होती. तिने भावाला विचारलं, "दादा, चित्रात मी कुठं हाय?"

यशराजने कोपऱ्यातला खांब दाखवला. तिने खांबाकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

"आबा, आधी तुमी बसा."

मोहनरावांनी पहिल्यांदा मान वर करून तुळई पाहिली. "माजं गुडघं दुखत्यात," म्हणाले. मग स्वरूपाकडे वळून, "बरं, तू चालतच ये. पाळणा ऱ्हाऊ दे. बाहेरची लग्नं येतील, त्यास्नी हुईल."

मला संताप आला. परक्याच्या लेकीसाठी तुळई आपोआप हिरवी होणार होती.

लग्नात स्वरूपा चालत आली. जेवणं झाल्यावर रुखवत बघायला गेले, तर लाडू-करंज्यांच्या ताटांशेजारी पाळणा मांडलेला, साखळ्या आणि मोटारीसकट. इंदापूरची व्याही मंडळी तोंडभरून कौतुक करत होती. त्यांच्यादेखत मोहनरावांना नाही म्हणता येईना.

"माज्यासाठीच आणला हुता न्हवं, आबा?" स्वरूपा म्हणाली. "मग मीच नेते."

टेम्पोत सगळ्यात आधी तोच चढवला.