दादाच्या सेटचा जुना बोर्ड

स्पीकर खरखरतोय, एवढंच वहिनी म्हणाली होती. एवढंच! दिराच्या दुकानातल्या टेबलावर दादाचा हॅम रेडिओचा सेट ठेवला, हातानेच त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "भावोजी, आवाज नीट येत नाही. बाकी काही करू नका." आता बाकी काही करू नका म्हटलं की दिराचे हात शिवशिवतात, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. आणि दादाला जाऊन वर्ष होत आलं, वहिनीकडे रेडिओवर बोलायचं लायसन नाही, मग ती हा सेट लावते तरी कशाला, हा प्रश्न त्यालाही पडायला हवा होता.

कारण साधं होतं. सेटवर पहिल्या नंबरचं बटण होतं आणि त्यात दादाचा आवाज होता. अनोळखी स्टेशनांना तीच तीच साद घालून घसा बसतो, म्हणून त्याने ती एकदाच रेकॉर्ड करून ठेवली होती. "सीक्यू, सीक्यू, कुणी ऐकतंय का?" नेमकं तेव्हाच वहिनीने स्वयंपाकघरातून जेवायला बोलावलं आणि दादाचं "आलो गं, आलो!" त्यातच भरलं गेलं. पुन्हा रेकॉर्ड करायचा आळस! त्यामुळे ते 'आलो गं' वर्षानुवर्षं जगभर जात राहिलं आणि रेडिओवरच्या दोस्तांनी दादाचं नाव 'आलोमहाराज' पाडलं. दादा गेल्यावर वहिनी रोज जेवायला बसण्याआधी ते बटण दाबून सेटच्या स्पीकरवर ते 'आलो गं' ऐकायची. कुणाला सांगितलं नव्हतं. लोक वेड्यात काढतील, दुसरं काय!

दीर असले सेट दुरुस्त करायचा, आणि त्यावरून दोघा भावांचं कायम वाजायचं. दादा जुन्या वळणाचा, तासन्‌तास एकेक पार्ट तपासत बसणारा. "तू दुरुस्त कुठे करतोस रे? तू नुसता बदलतोस," म्हणायचा. "अरे, हल्लीचे पार्ट मुंगीएवढे," दीर म्हणायचा, "अख्खा बोर्ड काढायचा, दुसरा घालायचा, मोकळं व्हायचं." दोघांचंही खरं होतं.

स्पीकर हां हां म्हणता बदलून झाला. पण झाकण उघडलंच आहे तर म्हणून याने बाकीचा सेटही तपासला. ऐकू सगळं येत होतं, बाहेर मात्र काहीच जात नव्हतं. मेन बोर्ड बिघडला होता. वहिनीचं त्यावाचून काय अडलं होतं? पण याला भरून आलं. दादाचा सेट, आणि मुका? छे! जुना परत पाठवायच्या बोलीवर त्याने कंपनीकडून नवा बोर्ड मागवला. सेट कॉम्प्युटरला जोडून दादाच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी, सगळी सेटिंग काढून घेतली, नव्या बोर्डात जशीच्या तशी भरली आणि जुना बोर्ड खोक्यात घालून रवाना केला. रेकॉर्ड केलेला आवाज त्या केबलमधून येत नाही, तो बोर्डावरच राहतो, हे त्याला पाठ होतं. गिऱ्हाइकांना तो बजावून सांगायचा. आणि घरच्याच सेटच्या वेळी नेमकं डोक्यातून गेलं. काय म्हणावं या माणसाला!

वहिनी सेट न्यायला आली तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. "बघ वहिनी, नवाकोरा! आता बोलतोसुद्धा!"

वहिनी हसली. खुर्ची ओढून बसली आणि तिने पहिलं बटण दाबलं. काहीच नाही. आपलंच चुकलं असेल म्हणून तिने ते पुन्हा नीट दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, की इथे काही भरलेलं नाही.

"भावोजी, यात ह्यांची हाक होती ना हो?"

हाक जुन्या बोर्डाबरोबर गेली, हे दिराला आत्ता आठवलं. त्याने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी बिचारी चांगली होती. परत आलेल्या बोर्डांचा चुराच करतात, म्हणाली. "एकदा बघा हो, पाया पडतो तुमच्या," हा म्हणाला. ती खरंच बघून आली. तुमचाही झालाय सर, म्हणाली.

त्याने फोन ठेवला. "वहिनी, मी हे काय करून बसलो गं!"

"तुम्ही मनापासून केलंत," वहिनी म्हणाली आणि मग तिचाही बांध फुटला. "खरखरत होतं, तरी कळत होतं मला. उगीच आणला मी."

खाली बघतच त्याने विचारलं, "मी भरून देऊ? आमचा आवाज सारखाच आहे म्हणतात सगळे."

"सारखा आहे, म्हणूनच नको." तिने डोळे पुसले. "रोज ऐकला की तोच ह्यांचा वाटायला लागेल. मग ह्यांचा आवाज मला आठवायचासुद्धा नाही."

तिने सेट बंद केला. "राहू दे इथेच," म्हणाली आणि उठून घरी गेली.