दुसरा पाट

या, जरा जवळ सरकून बसा. बुवा पूर्वरंगाला तास लावतात, तसं आज नको; थेट आख्यानच ऐका. दोन पाटांची गोष्ट आहे.

नीलम्मा तव्यावरची भाकरी उलटत होती आणि समोरच्या पाटावर शेजारची लालबी भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. दुपारचे तीन वाजले होते. सोलापुरातल्या त्या गल्लीत तीस वर्षं या वेळेला हेच चालत आलेलं. सोलता सोलता लालबीचा हात थांबला.

"छातीत गाठ लागतीया हाताला," ती म्हणाली. "दोन महिने झाले."

नीलम्मानं तवा खाली उतरवला.

"लेकाला सांगितलंस, आसिफला?"

"न्हाय. लई हळवा हाय तो. पोरीचं लग्न होऊ दे आधी. इफ्रा सासरी गेली की मीच सांगते त्याला. तू कुणाला बोलू नको की."

"मी कुणाला बोलायला जाऊ? या भिंतीला?"

त्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, एक पांढरा कॅमेरा होता. गेल्या वर्षी नीलम्मा न्हाणीत घसरून पडली, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलानं, शिवशरणनं, तो बसवला होता. तिथं बसून त्याला फोनवर घर दिसायचं. कॅमेऱ्यासमोरून जाताना नीलम्मा पदर डोक्यावर घ्यायची, थोरल्या दिरासमोरून जावं तशी. बोलायची मात्र मोकळेपणानं. तिच्या लेखी त्याला डोळा होता, कान नव्हता. कान आहे, हे शिवशरणनं कधी सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. विषय निघाला नाही, इतकंच.

त्या दुपारी ऑफिसात चहा घेताना त्यानं ते सगळं ऐकलं. लालबीखालानं त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं आसिफला फोन लावला.

पंधरा दिवसांत लालबीचं ऑपरेशन झालं. गाठ वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले. लग्नाची तारीख तेवढी पुढं गेली. इफ्रा आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

दवाखान्यातून आल्यावर लालबी एकदाच आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"एकट्या तुला सांगितलं होतं, नीलम्मा."

शपथ घ्यायला नीलम्मानं तोंड उघडलं, आणि तिची नजर भिंतीकडं गेली. तोंड तसंच मिटलं. लालबी वळून घराकडं चालू लागली.

नीलम्मानं पुण्याला फोन केला.

"शिवा, त्याला ऐकू बी येतं व्हय रे?"

"येतं, अव्वा."

मग ती म्हणाली, "कडक भाकरी पाठवू का? संपली असेल."

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला शिवशरण घरी आला, तो खालाला खरं सांगायचं ठरवूनच. पिशवी ठेवली आणि तीन दारं पलीकडं लालबीकडं गेला. आसिफनं त्याला मिठी मारली. "तुझ्यामुळं अम्मी हाय," म्हणाला. लालबीनं चहा आणून पुढं ठेवला.

"खाला, ते आसिफला जे कळलं..."

"जाऊ दे," लालबी म्हणाली. "मी तुमच्या उंबऱ्यावरून परतले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझी अव्वा येऊन सांगून गेली. माझ्याच तोंडातून गेलं म्हणाली, पोराला मीच बोलले. हात धरून रडली. तुझा काय दोष त्यात? तू तर भलंच केलंस."

शिवशरणनं कप उचलला. चहा कढत होता. एका दमात त्यानं तो संपवला.

"घरी ये की, खाला."

"येईन. गुडघा लई दुखतोय."

घरी येऊन त्यानं स्टूल ओढलं आणि कॅमेऱ्याचा स्क्रू फिरवायला घेतला.

"राहू दे तो," नीलम्मा म्हणाली.

"अव्वा, तू का सांगितलंस तसं?"

"तुला त्या घरात जायचं असतं की." तिनं परातीत पीठ घेतलं. "उतर खाली. आज काढलास तर उद्या लालबी विचारेल, का काढला म्हणून."

त्यानं स्क्रू पुन्हा घट्ट केला.

पुण्यात आता त्यानं आवाज बंद करून ठेवलाय. तीन वाजले की मात्र फोन उघडतो. नीलम्मा डोक्यावर पदर घेते. एक पाट स्वतःला ओढते, दुसरा समोर मांडते आणि शेंगा सोलायला बसते. ओठ हलत नाहीत. चार वाजता दोन्ही पाट उचलून भिंतीशी ठेवते.

एवढंच आख्यान. उद्या देवापुढं हात जोडाल, तेव्हा नीलम्माची आठवण ठेवा. लालबीचं नाव ती स्वतःच रोज घेते.