पुलाचा चढ

“चाकं आधी आत, बाबा. मग पाठ दुमडा,” हबीबा शोरूमच्या मधोमध बसून हुकूम सोडत होती आणि तिचा बाप रिफअत तिची चाकांची खुर्ची एका नव्याकोऱ्या गाडीच्या डिकीत घालून पाहत होता. विक्रेत्याला काय बोलावं कळेना. गिऱ्हाइकं येतात, सीटवर बसून पाहतात, आरशात स्वतःला न्याहाळतात. घरून खुर्ची आणून डिकीत घालणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. खुर्ची बसली. झाकण लागलं. रिफअतने ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि माझ्याकडे बघून असा हसला की मी मनात म्हटलं, झालं, आता घासाघीस करायची सोय राहिली नाही.

मला त्यांनी नेलं होतं ते घासाघिशीसाठीच. मी उम्म हानी. नाईलकाठच्या तल्खा गावात आमच्या गल्लीची भिशी माझ्याकडे असते, त्यामुळे पैसा हातातून कसा सोडू नये हे मला कळतं असा लोकांचा समज आहे. रिफअत आमच्या समोरच्या घरात राहतो. वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांची बोलणी खातो आणि संध्याकाळी टोमॅटोची पिशवी घेऊन घरी येतो. त्याने स्वतः कधी कशाची तक्रार केलेली मी ऐकली नव्हती. अपवाद एकच, मायक्रोबस.

हबीबाला आठवड्यातून दोनदा नदीपलीकडे, मन्सूऱ्याला व्यायामासाठी न्यावं लागतं. मायक्रोबसवाल्यांना खुर्ची दिसली की ते वेग वाढवतात. एखादा थांबलाच, तर खुर्चीचंही एका माणसाचं भाडं मागतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, व्यायाम चुकला नाही तर पोरगी कुबड्यांवर उभी राहील. चुकत राहिला तर गुडघे आहेत तसेच आखडून बसतील. गाडी हवी होती ती त्यासाठी. सहलीसाठी नाही की लोकांना दाखवायला नाही.

गाडी छोटीशी. किंमत मात्र अशी की ऐकून मी पर्स उराशी धरली. गेल्या वर्षी तेवढ्यात याच्या दुप्पट ताकदीची गाडी दारात उभी राहिली असती. रिफअतच्या बायकोने, नग्वाने, बांगड्या मोडल्या होत्या आणि पुढच्याच आठवड्यात भिशीची पाळी रिफअतची होती. दोन्ही मिळून जेमतेम जमत होतं. एवढ्याशा इंजिनात एवढा पैसा घालावा का, हाच काय तो प्रश्न. आणि तो सोडवायला मखलूफ आला होता.

मखलूफचं पुलाच्या पायथ्याशी गॅरेज आहे. तो रिफअतचा दूधभाऊ. रिफअत जन्मला तेव्हा त्याची आई तापाने पडून होती, आणि मखलूफच्या आईने आपल्या लेकाबरोबर शेजारणीच्या लेकालाही पाजलं. हे नातं आमच्याकडे रक्ताइतकंच धरतात. मखलूफची बहीण ती रिफअतची बहीण. तिच्याशी त्याचं लग्न कधी होऊच शकलं नसतं. “मखलूफ हो म्हणाला तर घेऊ,” एवढं बोलून रिफअत घरून निघाला होता आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं.

मखलूफने बॉनेट उघडलं. इंजिन सुरू करायला लावलं, कान लावून ऐकलं, विक्रेत्याला शेजारी बसवून एक फेरी मारून आला. परतल्यावरही तो बराच वेळ उघड्या बॉनेटपाशी उभा राहिला. चांगली गोष्ट समोर आली की माणूस कसा बघतो ते मी कपड्याच्या दुकानात खूपदा पाहिलंय. पण गाड्यांतलं मला काय कळतंय, असं म्हणून मी गप्प बसले.

“हे शिवणयंत्र आहे, भावा,” तो बॉनेट आपटत म्हणाला. “पाच माणसं बसव, एसी लाव आणि पुलाचा चढ चढून दाखव. अर्ध्यात धापा टाकेल. मग हबीबाला उन्हात उतरवून ढकलत बस.”

रिफअतचा चेहरा उतरला. डिकीत खुर्ची बसते, एवढंच तो म्हणाला.

“खुर्ची बसते म्हणून कपाट घेशील का? थांब जरा. मोठ्या ईदनंतर भाव उतरणार आहेत. मी स्वतः शोधून देतो तुला, दमदार.”

हबीबाने आभाळी रंगाची निवडली होती. खुर्चीत बसवल्यावर तिने त्या गाडीच्या दाराला एकदा हात लावला.

दोन दिवसांनी रिफअत आणि मखलूफ माझ्याकडे आले. माझ्या भिशीचा नियम आहे, पाळी बदलायची तर दोघांनी माझ्यासमोर येऊन तोंडाने सांगायचं. मखलूफची पाळी पार शेवटी, वर्षानंतर. त्याला गॅरेजात गाडी उचलायचं यंत्र बसवायचं होतं म्हणे, आणि रिफअतला आता घाई नव्हती. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं की पैसा हातात असलेला बरा, भाव काय कुणाचं ऐकून उतरत नाहीत. रिफअत हसला. “खाला, एका आईचं दूध प्यालोय आम्ही,” तो म्हणाला. व्यवहार पक्का म्हणून दोघांनी हातात हात घेऊन फातिहा वाचली. पुढच्या आठवड्यात मी पैसे मोजून मखलूफच्या ओंजळीत ठेवले.

ईदनंतर भाव उतरले नाहीत. चढले, मग पुन्हा चढले. रिफअत दर शुक्रवारी मखलूफला विचारी आणि तो म्हणे, थांब, बाजार बसेल. उन्हाळा सुरू झाला. मी खिडकीतून पाहायची, बापलेक कोपऱ्यावर उभे, रिफअतचा हात वर, आणि मायक्रोबस एकामागून एक धूळ उडवत निघून जायच्या. तासभर उभं राहून दोघं परत येत. मग नग्वा घरीच पोरीचे पाय ताणायची, पण ते काही खरं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि मान हलवली, असं नग्वाने मला सांगितलं. तेव्हा ती रडली नाही, पण भांडी मात्र आदळत होती.

मग एका गुरुवारी माझ्या दारात मटणाची पिशवी आली. मखलूफच्या बायकोने पाठवली होती. नवी गाडी आली, मेंढा कापला, तुमचा वाटा. मी विचारलं, कुणाची गाडी? आमचीच की, ती म्हणाली. बुकिंग भिशी मिळाली तेव्हाच केलं होतं, हातात आत्ता मिळाली. आभाळी रंग, मुलाच्या सासरकडच्यांना फार आवडला. बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. समोरच्या दारातही तिने तशीच पिशवी दिली आणि ती दुआ देत निघून गेली.

थोड्या वेळाने नग्वा ती पिशवी न उघडता माझ्याकडे घेऊन आली. “कुणालाही दे, खाला. माझ्या घरात शिजणार नाही ते,” ती म्हणाली. रिफअत मागून आला. गिऱ्हाइकाची गाडी असेल, मखलूफकडे ठेवायला दिली असेल, असं तो एकदा म्हणाला. पण ते त्याचं त्यालाच पटेना. तो माझ्या उंबऱ्यावर बसला. तक्रारींच्या खिडकीवरचा माणूस. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय, स्वतःचं सांगायचं कसं ते येत नव्हतं. शेवटी म्हणाला, “गाडी कुणीही घेवो. पण मी त्याला विचारलं होतं, खाला. मी विचारलं होतं त्याला.”

मला इतका संताप आला की मी तशीच उठून गॅरेजवर जाणार होते. रिफअतने जाऊ दिलं नाही.

रविवारी सकाळी मखलूफच दारात हजर. हबीबाला व्यायामाला सोडतो म्हणाला, गाडी आमची काय, तुमची काय, एकच. अपराधी होता की निर्लज्ज, ते मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही. बॉनेटवर मेंढ्याच्या रक्ताचा हाताचा ठसा होता, दृष्ट लागू नये म्हणून उमटवलेला, आता वाळून तपकिरी झालेला. रिफअत नाही म्हणायला तोंड उघडतच होता, पण हबीबा आधीच खुर्ची ढकलत गाडीपाशी पोचली होती. दाराला हात लावून ती बापाकडे बघत होती. दोन आठवडे व्यायाम झाला नव्हता. रिफअतने तोंड मिटलं, खुर्ची दुमडली आणि डिकीत घातली. चाकं आधी, मग पाठ. झाकण लागलं.

गुडघे दुखतात, मलाही डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय, असं सांगून मीही घुसले. अशा वेळी मी घरी बसणाऱ्यांतली नाही. मागे हबीबा, नग्वा आणि मी, पुढे दोघे भाऊ. मखलूफ एकटाच बोलत होता. मुलाच्या सासरकडचे फार अडून बसले, नाइलाज झाला, तुझ्यासाठीही बघतोच आहे, असं बरंच काही. रिफअत काचेतून त्या तपकिरी हाताकडे बघत होता. पुलाचा चढ आला. तेव्हा रिफअतने हात पुढे केला आणि एसीचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

मखलूफने स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं. थंड वारा भसाभसा तोंडावर येऊ लागला. मला तर इतकं वाटून गेलं की हे इंजिन अर्ध्यात बंद पडो, आम्ही सगळे उन्हात उतरून ढकलू, पण बंद पडो, म्हणजे या माणसाचा एक शब्द तरी खरा ठरेल. गाडी आमच्या पाचजणांना घेऊन सरसर चढली. एक ट्रक मागे टाकला. वर पोचलो तेव्हा खाली नाईल लख्ख दिसत होती.

“अम्मो मखलूफ,” हबीबा आपल्या या काकाला म्हणाली, “ही धापा टाकणार होती ना?”

“नवी आहे अजून, पोरी,” तो म्हणाला.

“आता उतार आहे,” रिफअत म्हणाला. “समोर बघून चालव.”

व्यायामाच्या केंद्रापाशी रिफअतने खुर्ची काढली, पोरीला बसवलं. मग खिशातून मायक्रोबसचं भाडं काढलं आणि पुढच्या काचेखाली ठेवलं. आमचं चौघांचं, आणि एक खुर्चीचं. मखलूफ ते पाहून पांढरा पडला. “राहू दे रे, हे काय, आपल्यात...” असं म्हणाला. प्रत्येक मायक्रोबसवाला भाडं घेण्याआधी तोंडदेखलं हेच म्हणतो. रिफअतने खुर्ची फिरवली आणि तो आत गेला.

गुडघ्याचं निमित्त सोडून मी गाडीतच बसून राहिले आणि मखलूफला विचारलं. खरं सांग म्हटलं, तुला त्या दिवशी काय वाटलं होतं. त्याने ते पैसे उचलले नव्हते, नुसते त्यांच्याकडे बघत होता.

“चांगली आहे, खाला. पैसा वसूल आहे. बॉनेट उघडलं तेव्हाच कळलं,” तो म्हणाला. “आणि मला हवी झाली. त्याने मला विचारायला नको होतं.”

मी खाली उतरले. दार आपटायचं होतं, पण नव्या गाडीचं दार, अलगदच लागलं.

तासाभराने ते तिघे बाहेर आले. हबीबा घामाघूम होती, पण तिचा चेहरा फुलला होता. गुडघा आज थोडा जास्त वाकला होता. आभाळी गाडी दारातच उभी होती, इंजिन चालू ठेवून. रिफअतने खुर्ची गाडीच्या बाजूने पुढे नेली, मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी केली आणि हात वर केला. पहिली मायक्रोबस जवळ येता येता हळू झाली, खुर्ची दिसल्यावर निघून गेली. ऊन वर चढत होतं. हबीबाने एकदा मागे वळून गाडीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. दुसरी मायक्रोबस दिसली तेव्हा बापाच्या हाताशेजारी तिनेही आपला हात वर केला.