तत्त्वतः मान्य

खुर्चीच्या हातांवरचं प्लास्टिक अजून घट्ट बसलेलं होतं. खिडकीकडच्या बाजूला, जिथे दुपारचं ऊन पडतं तिथे, ते पिवळं पडून कडक झालं होतं. बैठकीवर मात्र एक सुरकुती नव्हती. कारखान्यातून आली तेव्हा असेल तशीच ती गुळगुळीत होती. या खुर्चीवर आजवर कुणी बसलेलं नाही, हे कळायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती.

डॉ. मीना देवरेला रोज सकाळच्या राउंडला ती खुर्ची दिसायची आणि रोज तिच्या जिभेवर कडू चव यायची. तशा चार खुर्च्या होत्या. ट्रस्टच्या त्या हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, त्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. दारावर ‘कांगारू केअर विभाग’ अशी पाटी होती. पाटीवर हसणारी आई होती, तिच्या छातीशी बाळ होतं. पाटीच्या आत काचेच्या पेट्यांमध्ये बाळं होती, आणि त्यांच्या आया दाराबाहेरच्या बाकड्यावर.

गोष्ट इतकी साधी होती की ती समजावून सांगताना मीनाला संकोच वाटायचा. दिवस पुरे न भरलेलं, हातात मावेल एवढं बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरायचं. तासन्‌तास धरायचं. बाळ गार पडत नाही, श्वास सुरळीत चालतो, आईला दूध उतरतं, जंतुसंसर्गही कमी होतो. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या मीनाला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. काहीही न जाळता तयार होणारी ऊब! वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले होते, “मग आम्ही उगाच कोळसा फुंकत बसलो म्हणायचं.”

हॉस्पिटलनं ही कल्पना आनंदानं स्वीकारली. समिती झाली. बाहेरून तज्ज्ञ आले, त्यांनी नर्सेसना प्लास्टिकच्या बाहुल्या छातीशी धरायला शिकवलं. शिकलेल्या नर्सेस पुढच्या बदलीत कुणी डोळ्यांच्या विभागात गेल्या, कुणी डायलिसिसला. मग गाऊन आले. अंबडच्या ज्या युनिटमधून ऑपरेशनचे गाऊन शिवून यायचे, तिथेच यांचंही काम टाकलं आणि नमुना म्हणून स्टोअरमधून ऑपरेशनचाच एक गाऊन पाठवला. शिवणाऱ्यांनी इमानानं नमुन्याबरहुकूम शिवले. पुढून बंद, मागे नाड्या. बाळ ठेवायचं पुढे आणि उघडी राहायची पाठ. उद्घाटनाच्या दिवशी प्रसूती वॉर्डातल्या एका आईला साडीवरून तो गाऊन चढवला, गाऊनवर बाळ ठेवलं आणि फोटो काढले. आई आणि बाळ यांच्यामध्ये पदर, ब्लाउज आणि जाड हिरवं कापड. टाळ्या वाजल्या.

मीनानं तेव्हाच सांगितलं होतं, गाऊन चुकलेत. विभागप्रमुख डॉ. खैरनारांनी मान डोलावली होती. गाऊन बदलून घेऊ म्हणाले. ते बदलेपर्यंत कपाटात राहू देत म्हणाले. आणि गाऊनशिवाय आईला आत सोडायचं नाही, हा नियम झालेलाच होता. त्यामुळे गाऊन कपाटात, आया बाकड्यावर, खुर्च्या प्लास्टिकमध्ये. मीना दर बैठकीत विषय काढायची. खैरनार दर बैठकीत म्हणायचे, “तत्त्वतः मान्यच आहे गं मला.” नाही असं ते एकदाही म्हणाले नव्हते. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या सकाळी दारात आवाज चढलेला तिला लांबूनच ऐकू आला.

“आजी, असं नेता येत नाही बाळ. भाजी आहे का ती?” इन्चार्ज सरिता सिस्टर दाराच्या चौकटीत उभी होती, एक हात या बाजूला, एक त्या बाजूला.

“भाजी नाय म्हनूनच न्यायची हाय,” समोरची म्हातारी म्हणाली. “भाजी आसती तर ठिवली आसती तुमच्या फिरिजमदी.”

म्हातारीचं नाव कुसाबाई. सुरगाण्याकडची. तिची सून पिंकी आणि मुलगा सावळीराम दिंडोरीला द्राक्षबागेत मजुरीला आले होते, तिथेच पिंकीला वेळेआधी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दीड किलोही भरली नाही. पहिले काही दिवस तिला खरंच यंत्रांची गरज होती. ती आता संपली होती. नळीतून दूध पचत होतं, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं, तेवढं पुरं व्हायला हवं होतं. पण वजन हलत नव्हतं. पेटीचं दार उघडलं की पाय गार पडायचे. आणि बाहेर बाकड्यावर पिंकी दूध पिळून वाटीत द्यायची, ते दिवसागणिक कमी होत चाललं होतं. लेकरू डोळ्यांसमोर नाही, मांडीवर नाही, मग दूध कुणासाठी उतरावं?

“काय झालं?” मीनानं विचारलं.

“घरी नेतो म्हणतायत, मॅडम. सही करून नेतो.”

“मावशी, औषध चालू आहे अजून. आणि या थंडीत, एसटीनं घाटातून नेलं तर बाळ टिकणार नाही. खरं सांगते.”

कुसाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. “मंग हितं टिकतंय का? वजन किती वाढलं ते सांग.”

मीनानं हातातला तक्ता पाहिला. वजनाचा आकडा कालचाच होता.

“आमच्याकडं आसं बारकं झालं की आमी पोटाशी बांदतो. ह्या पोरीचा बाप तसाच काढला म्या. हितं ह्या बाया म्हनत्यात, हात लावू नका, तुमी घान हाय. दोन येळा हात धुतले तरी घान. ही पोर तुमची का आमची, तेवडं येकदा सांगा. तुमची आसली तर ठिवा. आमी जातो.”

बाकड्यावर पिंकी खाली बघत बसली होती. तिच्या ब्लाउजवर ओला डाग होता आणि तो झाकायला तिनं पदर घट्ट आवळून धरला होता. ती हळूच म्हणाली, “आत्या, मला येकडाव घिऊ दे म्हना. मंग ऱ्हातो.”

मीनानं वर पाहिलं. दारावर त्यांच्याच डोक्यावर ती हसरी आई होती.

“सरिता, सोड तिला आत.”

“नाही सोडणार, मॅडम.” सरिताच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. दमणूक होती. “मागच्या वेळेस तुम्ही सांगितलंत म्हणून एका आईला नुसतं पेटीपाशी उभं केलं होतं आत. चौथ्या पेटीतल्या बाळाला ताप आला. त्याचा त्या आईशी संबंध नव्हता, तुम्हीच सांगितलंत नव्हता म्हणून. मेमो कुणाला आला? तुम्हाला? मला आला. माझी वेतनवाढ अडकली तेव्हा तुमच्या समितीतलं कुणी आलं होतं का बोलायला?”

“मी सरांना सांगितलं होतं.”

“सर काय म्हणाले?”

सर काय म्हणाले असतील ते दोघींनाही ठाऊक होतं. मीना वळली आणि जिना चढून खैरनारांच्या केबिनमध्ये गेली. दार तिनं वाजवलं नाही.

खैरनार कॉम्प्युटरसमोर होते. पडद्यावर उद्घाटनाचा फोटो होता, हिरवा गाऊन घातलेली आई. वर मथळा होता: ‘आमच्या रुग्णालयातील कांगारू केअर: एक यशस्वी प्रवास’.

“ये ये. बरं झालं आलीस. परिषदेत बोलायचंय पुढच्या आठवड्यात. बघ बरं, हा फोटो ठीक आहे ना?”

“या बाईचं बाळ पूर्ण दिवसांचं होतं, सर. तीन किलोचं. त्याला कसलीच गरज नव्हती.”

“अगं, प्रातिनिधिक फोटो आहे.”

“कशाचा प्रातिनिधिक?”

त्यांनी चष्मा काढला. “काय झालंय?”

तिनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नेहमी घेत तसं, नीट. मग म्हणाले, “तुझं बरोबर आहे. माझा विरोध आहे का? तत्त्वतः...”

“तो शब्द नको, सर.”

“ऐकून तर घे. गाऊनची नवी ऑर्डर निघू दे. मानांकनाच्या तपासणीवाले येऊन जाऊ देत. एप्रिलपासून आपण रीतसर...”

“एप्रिलपर्यंत ही मुलगी जगायला हवी.” तिचा आवाज चढला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. “सर, तुम्ही नाही म्हणा ना. एकदा स्पष्ट नाही म्हणा! इथे सगळ्यांचं हो आहे. ट्रस्टींचं हो, समितीचं हो, तुमचं हो, पाटी लागली, खुर्च्या आल्या, तुम्ही त्यावर भाषण करणार आहात. आणि एवढ्या सगळ्या होकारांमधून एक आई आत जाऊ शकत नाही. नाही म्हणायचं काम तुम्ही त्या सिस्टरवर सोडलंय. शिव्या तिनं खायच्या, मेमो तिनं घ्यायचा.”

“मीना, जरा...”

“चला खाली. त्या म्हातारीला तुम्ही सांगा. आई आत येणार नाही, असं तुमच्या तोंडानं सांगा. मग त्या बाळ घेऊन जातील, मी डिस्चार्जवर सही करते. यापुढे हा विषय काढणार नाही.”

खैरनारांनी चष्मा पुन्हा घातला. मग पडद्याकडे न बघताच म्हणाले, “तू आलीस त्याच्या आधीचे दिवस तुला माहीत नाहीत. या विभागात बाळं रांगेनं जायची. एकाला लागण झाली की सगळी. लोक चपला घालून आत यायचे, पेढे वाटायचे आत. हे दार बंद करायला मी शिकवलं सगळ्यांना. भांडून शिकवलं. त्यानं बाळं वाचली गं.”

“वाचली असतील. पेढेवाले बाहेर गेले हे चांगलंच झालं. पण आई पेढेवाली नाही, सर.”

“आणि आता मी सांगायचं, की इतकी वर्षं आयांना बाहेर बसवलं ते चुकलं?”

“तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण खाली येऊन सांगा.”

ते उठले. बाहेर येईपर्यंत तिला खात्री नव्हती की ते जिन्याकडे वळतील की लिफ्टनं ट्रस्टींच्या ऑफिसकडे जातील.

दारात सगळं तसंच होतं. सरिता चौकटीत, कुसाबाई समोर. फक्त पिंकी आता उभी राहिली होती आणि तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

“हे मोठे डॉक्टर,” मीना म्हणाली. “यांना विचारा मावशी, काय विचारायचं ते.”

कुसाबाईनं खैरनारांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुमी मोठे का? बरं झालं. इतक्या दिसात कुनी मोठा दिसला नवता. जो तो म्हनतो, वरून नाय म्हनत्यात. वर तुमीच का?”

मागून जाणारा वॉर्डबॉय थबकला. सरितानं ओठ आवळून हसू दाबलं.

“आजी, बाळाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून...” खैरनारांनी सुरुवात केली.

“धोका हिच्यापास्नं?” कुसाबाईनं पिंकीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. “नऊ म्हयनं पुरं नसंल, पन सात म्हयनं हिच्या पोटात व्हती ना? तवा न्हाई लागली घान? ही पोर हिचं त्वांडसुदीक वळकत न्हाई आजून. मेली तर कुनाच्या नावानं रडंल ही?”

पिंकीनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती, हॉस्पिटलात आल्यापासून पाहत होती तशी. काहीही सांगितलं असतं तरी ते ऐकायला ती तयार होती.

खैरनार एक पाऊल पुढे आले. मीनाला वाटलं, आता तो शब्द येणार. तो आला नाही. ‘नाही’ही आलं नाही. ते काचेतून आत, तिसऱ्या पेटीकडे पाहत होते, जिथे मुलीचे मोज्यातले पाय एकमेकांवर घासत होते.

“राहू दे तिला,” ते पुटपुटले.

“कुणाला, सर? कुठे?” सरिताचे हात अजून चौकटीवरच होते. “असं पुटपुटून नका सांगू. उद्या मला विचारतील. मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

बाकड्यावरच्या बाकीच्या आया उठून उभ्या राहिल्या होत्या.

खैरनारांनी घसा खाकरला. मग वर्गात शिकवतात त्या आवाजात, एकेक शब्द तोडत ते म्हणाले, “आजपासून या विभागात आई बाळाजवळ राहील. दिवसाही आणि रात्रीही. हात धुवायचे, बस. गाऊन लागणार नाही, बाळ अंगाला लावूनच धरायचं. कुणी विचारलं तर सांगा, खैरनारनं सांगितलं.”