पाहिले, समजले

शाळेत नवा विषय येणार होता, अभियांत्रिकी, आठवीपासून. शिकवायला कोण? तर गणिताच्या बाई. म्हणजे मी. सत्तावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर आता उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे प्रशिक्षण, सकाळी नऊ ते पाच, आणि प्रमाणपत्र आणलं नाही तर बदली. मुख्याध्यापकांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.

सुट्टी मला लेकीसाठी हवी होती. शाळेची शेवटची परीक्षा देऊन ती घरी बसली होती. निकाल लागला की इंजिनिअर व्हायला दुसऱ्या शहरात जाणार, वसतिगृहात राहणार. तिचे बाबा बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी. घरात आम्ही दोघीच, आणि गेलं वर्षभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी मात्र आपणहून स्वयंपाकघरात आली. "आई, तुला एक सांगायचंय." माझ्या डोक्यात सकाळची बस. "हे एवढं संपू दे गं, मग निवांत बोलू," मी म्हणाले. "बरं," म्हणून ती गेली. काहीतरी मोठं आहे हे कळलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मी भांडी विसळत राहिले. जायच्या आधी ती माझ्याशी एकदा मोकळं बोलायला हवी, बाकी त्या उन्हाळ्याकडून मला काही नको होतं.

प्रशिक्षण एका रिकाम्या शाळेच्या कार्यशाळेत होतं. लांब लाकडी बाकं, बाकांना घट्ट बसवलेले, वस्तू आवळून धरणारे लोखंडी शेगडे, भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवलेल्या, म्हणजे हातोडी जागेवर नसली की तिची काळी सावली तेवढी दिसायची. आम्ही चोवीस शिक्षक. प्रशिक्षक नावं घेत नसत, क्रमांक पुकारत. मी सतरा.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला जाड पुठ्ठ्याची वही दिली. लिहायचं ते शाईनं. खोडरबर नाही, पान फाडणं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून पुढं जायचं. दिवस संपताना वही जोडीदाराला द्यायची. त्यानं पान वाचून खाली 'पाहिले, समजले' असं लिहायचं आणि सही करायची.

"सही झाली की ते पान खरं," प्रशिक्षक म्हणाले. "मग ते मलासुद्धा बदलता येत नाही."

मग काम सांगितलं. रोजच्या वापरातलं काहीतरी निवडा, मोजा, समजून घ्या आणि तसंच दुसरं बनवा. वापरणाऱ्याला फरक कळला तर नापास. मी शिक्षकांच्या खोलीतलं दांड्याचं पेन्सिल-टोकयंत्र निवडलं. माझी जोडीदार, क्रमांक अठरा, म्हणाली, "मी अजून ठरवतेय."

तिचा चेहरा कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही. नजर ठरायचीच नाही त्यावर. हातात कायम व्हर्निअर, ते दोन जबड्यांचं बारीक मोजायचं साधन, म्हणून मी तिचं नाव व्हर्निअरबाई ठेवलं. तिला हसू आलं नाही. तिनं फक्त मी कशी हसते ते पाहिलं.

पण बाई चांगली होती. "सराव करू का?" म्हणून माझी बोटं मोजायची, मनगट मोजायची. जेवताना प्रश्न विचारायची. झोप कशी लागते, रागावल्यावर आधी काय दुखतं, लेक कशी आहे, ती घरी आल्यावर मी पहिलं वाक्य कोणतं बोलते. सत्तावीस वर्षांत मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. मी भडाभडा बोलले. घराची किल्ली शेजारी कुठं ठेवते तेही बोलले. आणि पाच वाजले की तिची वही माझ्यासमोर यायची, मी 'पाहिले, समजले' लिहून सही ठोकायची आणि बस गाठायची. वाचत कोण बसतंय? वर्गात रोज दोनशे वह्या हातावेगळ्या करते मी. पान उलटलं, सही, पान उलटलं, सही. सरळ सांगायचं तर पाट्या टाकते.

दुसऱ्या आठवड्यात प्रशिक्षकांनी "सतरा" म्हणून हाक मारली आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारून "हजर" असं आलं. माझ्याच आवाजात, माझा सर्दीचा घोगरेपणा धरून. मी वळून पाहिलं तर ती खाली मान घालून लिहीत होती. कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्या दिवशी चहावाल्या मावशींनी माझा बिनसाखरेचा चहा तिच्यासमोर ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही नवीन का हो?"

मी त्यांच्यावर खेकसले. माझ्याबरोबर व्हर्निअरबाईचेही ओठ हलले.

घरी तेवढंच चमत्कारिक. बुधवारी लेक म्हणाली, "काल बरं वाटलं गं, तू लवकर आलीस ते." मंगळवारी दुपारी लवकर निघाली होती ती व्हर्निअरबाई; मी सहाला पोचले होते आणि लेक झोपली होती. "लवकर कुठं, नेहमीसारखीच तर आले," म्हणून मी वहीत डोकं घातलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापली कामं बाकावर मांडली. कुलपं, स्टेपलर, नळाच्या तोट्या, माझं टोकयंत्र. अठरा क्रमांकाच्या बाकावर नुसती वही. "त्या तीन वाजताच गेल्या," कुणीतरी म्हणालं, "अंतिम चाचणीला." आता हिनं बनवलं तरी काय, या खवचट कुतूहलापोटी मी ती वही पहिल्यांदा वाचायला घेतली.

पान तीन. *उजव्या हाताचं मधलं बोट, पहिलं पेर १७.४ मि.मी. खडूमुळे घट्टा.* पान नऊ. *उत्तर ऐकण्याआधीच मान हलवते. खरं हसू दिवसातून एकदा, बहुधा कुणाची तरी टर उडवताना.* पान अकरा. *लेकीचं बोलणं सरासरी अकरा सेकंदांत तोडते.* पान बारा. *चाचणी पहिली. मंगळवार, ४.१० ते ४.५५. वापरकर्ती: लेक. दार उघडताना 'आज लवकर?' असं विचारलं. आत घेतलं.* पान तेरा. *सुधारणा: अकरा सेकंदांचा दोष काढून टाकला.*

प्रत्येक पानाखाली माझं वळणदार अक्षर. पाहिले, समजले. सही, तारीख.

मी वही घेऊन प्रशिक्षकांसमोर गेले. ते हत्यारं पुसून भिंतीवर लावत होते.

"हे रद्द करा," मी म्हणाले.

त्यांनी सगळी पानं चाळली. "सह्या तुमच्याच ना?"

"मी वाचलं नव्हतं!"

"शिक्षिका आहात ना तुम्ही?" त्यांनी विचारलं, अगदी साधेपणानं. मग म्हणाले, "एक वाट आहे. वापरणाऱ्या व्यक्तीला फरक जाणवला, असं तिनं लिहून दिलं तर काम नापास. मग ते मी स्वतः मोडतो. चाचणीचा कागद अठराजवळ आहे, त्यावर साडेपाचच्या आत सही व्हायला हवी."

मी धावत सुटले. बसमध्ये उभ्यानं स्वतःला सांगत होते, अगं, पोटची पोर आहे तुझी. जगाला फसवता येईल, तिला नाही. तिला फरक कळणारच, तो कळू नये असं कसं होईल? सव्वापाचला घराच्या पायऱ्या चढले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून लेकीचा आवाज येत होता.

"...आठवीपासूनच कळेनासं झालं होतं मला गणित. पेपर आणून दाखवायचे, तू सही करायचीस. बघायची नाहीस. मला वाटायचं, आज तरी विचारेल. या वेळी मी पेपर कोराच दिला, आई. तीन तास नुसती बसून होते. मला नाही जायचं तिकडं."

मग शांतता. अकरा सेकंद गेले असतील, वीसही गेले असतील. कुणी मध्ये बोललं नाही. मग माझाच आवाज, पण कधी नव्हे इतका सावकाश: "तीन तास. काय काय येत होतं गं मनात?"

तिथं मी गप्प राहायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. गणिताच्या बाईची मुलगी, आणि पेपर कोरा! मी धाडकन दार ढकललं आणि ओरडले, "कोरा? कोरा दिलास?"

दोघींनी वर पाहिलं. टेबलापलीकडे माझाच अंबाडा, माझाच चष्मा, माझीच कपाळावरची आठी. लेकीची नजर तिच्यावरून माझ्यावर आली आणि माझ्यावर थांबली. तिला कळलं होतं. एका क्षणात कळलं होतं, आणि मला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

"मला मंगळवारीच कळलं होतं," ती मला म्हणाली. "तू अशी बसून ऐकत नाहीस."

"मग लिहून दे," मी म्हणाले. "तिच्याकडे कागद असेल बघ."

कागद टेबलावरच होता. दुसरीनं तो निमूट पुढं सरकवला. लेकीनं तो वाचला, वरपासून खालपर्यंत, मग उलटून मागची बाजूही. फरक जाणवला का? हो किंवा नाही.

"'हो' लिही ना, बाळा," मी म्हणाले. "कळलाय ना तुला?"

तिचे डोळे भरून आले होते. तिनं पेन उचललं आणि 'नाही' लिहिलं. सही केली. उठून दारापर्यंत आली आणि घरी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशी, हळू आवाजात म्हणाली, "माफ करा, बाई. तुम्ही दुसऱ्याच कुणाकडे तरी आलात."

दार तिनं आवाज न करता लावलं. लहानपणी दुपारी मी झोपलेली असताना लावायची तसं.

थोड्या वेळानं आत तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं, अडखळत, मग सलग, मग मधूनच हसत. दारातून अक्षर न् अक्षर कळत होतं. मी पायरीवर बसले आणि मध्ये एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकलं.